सगळं एकसारखं कर

उमाकांतरावांनी बँकेची नोकरी मुदतीआधीच सोडून जयपूरच्या राजा पार्क भागात लग्नपत्रिकांचा छापखाना काढला. साहेबाची ताबेदारी सुटली खरी, पण आता ते स्वतःच स्वतःचे साहेब झाले होते, आणि इतका खडूस साहेब त्यांना बँकेतही भेटला नव्हता. कॉम्प्युटरवर मजकूर बसवायचा त्यांनीच, प्रूफ वाचायचं त्यांनीच, मशीनवरची शाई पुसायची तीही त्यांनीच. मुलगा संकेत बी.कॉम. होऊन दुकानात बसायचा. त्याच्या वाट्याला गठ्ठे बांधणं आणि गिऱ्हाइकाला पाणी देणं, एवढंच.

"आपला हात जगन्नाथ," उमाकांतराव म्हणत. "उंटावरून शेळ्या हाकणं आपल्याला जमायचं नाही."

जयपुरात राहून उंटाला नावं ठेवणारा हा एकटाच, असं त्यांच्या बायकोचं, प्रतिमाताईंचं मत होतं. पण दिवाळीनंतर एका दुपारी ते मशीनपाशीच चक्कर येऊन कोसळले, तेव्हा ताईंची थट्टा आटली. काम वाटून द्या, पुढच्या वेळी नुसती चक्कर येऊन भागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ताईंनी दुकानाच्या चाव्या नवऱ्याच्या खिशातून काढल्या आणि मुलाच्या हातात ठेवल्या.

नेमकं तेव्हाच कस्तुरीच्या पत्रिकेचं काम आलं. कस्तुरी ही विजयरावांची लेक. विजयराव विमा कंपनीतले अधिकारी, वैशाली नगरला राहणारे, उमाकांतरावांचे जुने मित्र. त्यांचं बायपासचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ते आधाराला धरून उठून बसू लागले तशी लग्नाची तारीख ठरली. पत्रिका मराठीत हवी होती. उमाकांतरावांनी अंथरुणातूनच मजकूर लिहून दिला आणि वर सांगितलं, "नीट बघून सगळं एकसारखं कर."

दुपारी दुकानातून संकेतचा फोन आला. "बाबा, एक विचारायचं होतं. मतलब, नावांच्या आधी जे..."

"एवढंही कळत नाही का तुला? मी येऊ का उठून तिथे?"

"नको, नको. मी बघतो."

संकेत हिंदी शाळेत शिकलेला. मराठी वाचायचा झरझर, पण हिंदीच्या चष्म्यातून. त्याला दिसलं की कस्तुरीच्या आजीच्या नावाआधी 'श्रीमती' असा भारदस्त शब्द आहे आणि तिच्या आईच्या, म्हणजे सुधाकाकूंच्या, आत्याच्या, मावशीच्या नावाआधी नुसतं तुटकं 'सौ.'. आजीला मान द्यायचा आणि काकूंना नाही, हे काही त्या गुणी पोराला पटेना. त्यानं सगळ्या बायकांना श्रीमती करून टाकलं. छपाई अगदी देखणी झाली. गठ्ठे स्कूटरवर घालून तो स्वतः वैशाली नगरला पोचवून आला आणि घरी शीळ घालत जेवायला बसला. "जमलं की पोराला," उमाकांतराव बायकोला म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी विजयरावांच्या पत्नी, सुधावहिनी, घरी आल्या. त्यांनी पत्रिका टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"भाऊजी, पहिली पत्रिका ह्यांनीच उघडली. देवापुढे ठेवायची म्हणून मागून घेतली होती. वाचली, चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. कालपासून बोललेले नाहीत."

नवरा हयात असलेली ती सौ., आणि नवरा गेला की श्रीमती. मराठी घरात हे कुणी शिकवत नाही, ते कानावरून जातं. संकेतच्या कानावरून गेलं होतं ते हिंदी, आणि हिंदीत लग्न झालेली प्रत्येक बाई श्रीमतीच.

वहिनी गेल्यावर उमाकांतरावांचा तोल गेला. "येत नाही तर हात कशाला लावलास? जिवंत माणसाला मारलंस तू त्याच्या मुलीच्या लग्नात!"

"मला माहीत नव्हतं, बाबा. विचारायलाच तर फोन केला होता."

माफी मागावी असं उमाकांतरावांना आतून फार वाटलं, पण जिभेवर आलं ते भलतंच. "चाव्या ठेव इथे," ते म्हणाले.

संकेतनं चाव्या ठेवल्या. पुढच्याच आठवड्यात झालाना भागातल्या एका ऑफिसात त्याला नोकरी लागली. तो वेळेवर जातो, वेळेवर येतो, आणि बापाला आता काहीच विचारत नाही.

नव्या पत्रिका उमाकांतरावांनी उभं राहून स्वतः छापल्या. विजयराव लग्नात बसून होते, आल्यागेल्याशी बोललेही. उमाकांतरावांना मात्र त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

आता दुकान पुन्हा एका हाताचं झालं आहे. परवा प्रतिमाताई डबा घेऊन आल्या, तर ते मशीनला टेकून दम खात होते.

"त्याला परत बोलवा," ताई म्हणाल्या.

"पुन्हा घोळ घालेल तो."

"घालू दे. तुम्ही समजावून सांगा. तुम्ही असेच राबत राहिलात ना, तर तो शब्द माझ्या नावाला लागेल. आणि तेव्हा ती छपाईतली चूक नसेल."

उमाकांतरावांनी बायकोकडे पाहिलं. तिचं म्हणणं खरं आहे, हे त्यांना पुरतं कळलं होतं. पण संकेतला परत हाक कशी मारायची, सुरुवात कुठून करायची, ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी डबा बाजूला सरकवला आणि मशीन सुरू केलं.