चंद्रप्रभाकाकूच्या गांधीलमाश्या

हातातलं खुरपं टाकून चंद्रप्रभाकाकू भांडायला उठली, तवा मी कॉलनीच्या बागेत शेजारच्या वाफ्याला पाणी देत हुतो. फरीदाबादच्या ह्या कॉलनीत सातारकडची आम्ही दोनच घरं. माहेरची शेवंती काकूनं ओल्या फडक्यात गुंडाळून रेल्वेनं आणलेली. अकरा वर्सं जगवली, हितल्या लूच्या झळांत आन् थंडीत.

समोर कॉलनीचा सेक्रेटरी अविनाश. पुण्याचा, दिल्लीत मोठा सरकारी साहेब. पंपाच्या खोलीच्या छज्ज्याखाली गांधीलमाश्यांनी पोळं धरलं हुतं. तिकडं बोट करून म्हणाला, "काकू, हे डेंजरस आहे यार. उद्या औषध मारून टाकू."

"कुणाला डसल्या?"

"डसल्या तर? आणि उपयोग काय त्यांचा? मध तरी देतात का?"

"हिकडं ये. वाक जरा. इजार मळंल, मळू दे."

कळीवरची हिरवी अळी एक गांधीलमाशी चावून चावून गोळा करत हुती. गोळा घिऊन ती पोळ्याकडं उडाली.

"पोरास्नी चारती. दिसभर ह्योच धंदा. अकरा वर्सांत फवाऱ्याला हात लावला न्हाई म्या, ते हिच्या जिवावर."

साहेब हसला. "अच्छा! म्हणजे ह्या माळीणबाई!"

"तुझ्यापरास बऱ्या. तुझ्या सहीनं अळी मरत न्हाई."

दुसऱ्या दिशी तोंडं बांधून दोन माणसं आली. पोळं खाली पाडलं, बुटानं चिरडलं. साहेबानं फोटो काढला, जणू वाघच मारला.

पंधरा दिसांत अळ्या माजल्या. कळ्या आतनं पोखरून गेल्या. मग साहेबानं कुणाला न विचारता दुप्पट फवारा मारला. पानं करपली, मधमाश्याबी फिरकंनात. दिवाळीला त्या मेल्या वाफ्यात त्यानं प्लास्टिकची फुलं खोवली आन् पाटी लावली : 'फुले तोडू नयेत.'

पाटी वाचून काकू बाजूला थुंकली. रडली न्हाई. माती उकरून हिरवे राहिलेले चार फुटवे काढले, घरच्या खिडकीतल्या कुंड्यांत लावले. भाऊसाहेब, तिचा नवरा, म्हणाले, "जगायचे न्हाईत गं." तिनं कुंड्यांना पाणी घातलं.

होळीपातुर कुंड्या हिरव्यागार झाल्या. त्यांच्या वर गजाला एक गांधीलमाशी येऊन चिकटली, बोटाएवढं पोळं बांधाय लागली.

अविनाशची बायको हेमांगी खालनं वरडली, "काकू, बापरे! खिडकीत गांधीलमाशी!"

"हाय," काकू म्हणाली. "खिडकी माझी हाय. तू खाली बघून चाल."