डब्यातले दोन शिक्के

मिरे ऑन्नीचे दोन्ही शिक्के डब्यातून एकदमच गायब झाले, आणि त्या सोमवारपासून आमच्या घरात कुणीच कुणाकडे सरळ बघेना.

डबा तसा साधा, भाजून खायच्या समुद्री शेवाळाचा रिकामा डबा. आमच्या सगळ्यांचे शिक्के त्यात असतात, बोटाएवढे. सहीच्या जागी लाल शाईत बुडवून ते मारायचे. ऑन्नी म्हणजे माझी मोठी बहीण, तिचे दोन. एक आप्पांच्या आडनावाचा, ब्यॉन. दुसरा आईच्या, कुवाता. तिचे पासपोर्टही दोनच आहेत, एक कोरियाचा, एक जपानचा. आणि ऑन्नी साधीसुधी नाही! वीस वर्षांची आहे, फुटबॉलची पगारी स्ट्रायकर आहे, या मोसमात अकरा गोल (मी मोजलेत), आणि आता तिला दोन्ही देशांच्या संघांनी बोलावलंय. एकदा एका देशाकडून मोठ्या स्पर्धेत उतरली की दुसरं दार जवळजवळ बंदच.

एरवी ती दुसऱ्या गावी क्लबपाशी राहते, पण शुक्रवारी पाचच्या आत तिला क्लबच्या कचेरीत अर्ज द्यायचा होता, म्हणून शिक्क्यासाठी घरी आलेली. देशाची जागा तिनं कोरी ठेवलेली. कोरिया असेल तर ब्यॉन, जपान असेल तर कुवाता. म्हणजे ती कुठला शिक्का उचलते ते बघितलं की झालं! पण उचलायला शिक्केच नाहीत. आणि कचेरीतले साकाकिबारा आजोबा शिक्क्याशिवाय कागदाला हातही लावत नाहीत.

"युरी, तू घेतलेस?" ऑन्नीनं मला पहिलं विचारलं.

"मी कशाला घेऊ? माझा मला आहे."

खरंच होता. शाळेत सुलेखनाच्या तासाला आम्ही दगडात शिक्के कोरले, त्यात मी 'ब्यॉन' कोरला. आधी मी शाळेत कुवाता युरी होते. या एप्रिलला नव्या वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, माझं नाव ब्यॉन युरी. शिक्क्याचा एक कोपरा पटाशी निसटून उडाला, तरी मी तो पेन्सिलींच्या पिशवीत मिरवत फिरते.

असो. मी तपास सुरू केला.

संशयित पहिले, आप्पा. आमचं मांस भाजून द्यायचं दुकान आहे, इथे जपानात, त्सुरुहाशीच्या कोरियन बाजाराला लागून. आप्पा सुरीचे पक्के, पण मंगळवारी गिऱ्हाईक ओरडलं, "काय ब्यॉनसान, हे जिभेचे काप आहेत की चपला?" आप्पा हसलेसुद्धा नाहीत. शिवाय एप्रन ते जेवतानाही काढेनात.

संशयित दुसरी, आई. भात शिजवून झाला तरी तांदळाच्या डब्यापाशी दोन-दोनदा जायची. मी मागे गेले तर म्हणाली, "किडे बघतेय." किडे! ऑक्टोबरच्या गारठ्यात!

"तुझ्या आप्पांना विचार," आई माझ्या कानात म्हणाली. "त्यांना पोरगी कोरियात, सोलला पाठवायची घाई झालीय."

"तुझ्या आईला विचार," आप्पा म्हणाले. "तिच्या माहेरी जपानच्या जर्सीत फोटो लावायला खिळासुद्धा ठोकून ठेवलाय."

पण माझा खरा संशय तिसऱ्यावरच होता. ऑन्नीवर. तुम्ही तिची पेनल्टी बघितलेली नाही. ती डाव्या कोपऱ्याकडे इतकं प्रेमानं बघते की गोलकीपर डावीकडे झेपावतेच, आणि बॉल उजवीकडे. अशा मुलीच्या तोंडावर कोण विश्वास ठेवेल? वाटलं, तिनंच लपवले असतील. जपान निवडायचाय आणि आप्पांना सांगायची हिंमत नाही.

गुरुवारी ती म्हणाली, "चल, शंभर येनच्या दुकानात मिळतात तयार."

दुकानात शिक्क्यांचा गोल फिरता स्टँड होता. ऑन्नीनं तो सावकाश फिरवला. कुवाता लगेच मिळाला. ब्यॉन नव्हता. नसणारच, तिथे सगळी जपानी आडनावं. आमचं पाहिजे तर सांगून करून घ्यायचं आणि आठवडाभर थांबायचं.

ऑन्नी कुवाता हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

"हाच हवा होता ना तुला?" मी म्हटलं. "मग नाटक कशाला?"

"तुला काय वाटतं?"

"वाटत नाही. दिसतंय."

तिनं तो विकत घेतला. परत येताना मी तिच्याशी बोलले नाही. एप्रिलमधल्या त्या दिवसाच्या आदल्या रात्री फोनवर तिनंच मला म्हटलं होतं, जे नाव तुला आपलं वाटतं तेच सांग, घाबरू नकोस. आणि आता स्वतः?

शुक्रवारी चाचणी परीक्षा संपवून एकला घरी पोचले तर तिघं टेबलाभोवती. ऑन्नीनं अर्ज ठेवला. बाजूला नवा शिक्का, प्लॅस्टिकचा, किमतीची चिठ्ठी तशीच.

"मिळाला बाई," ती म्हणाली. "कुवाता."

आणि ऑन्नी कुणाकडे बघतच नसल्यासारखी थांबली. मी मात्र बघत होते! आप्पांचा हात एप्रनच्या खिशावर गेला. आईची मान तांदळाच्या डब्याकडे वळली आणि लगेच परत आली.

"आप्पा, माझा कुवाता काढा खिशातून," ऑन्नी म्हणाली. "आई, ब्यॉन तांदळात आहे ना?"

आप्पांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातून तो काढला, चरबीनं बुळबुळीत झालेला. आईनं कोपरापर्यंत हात घालून दुसरा वर आणला.

"मला वाटलं, नसला तर थोडी थांबशील," आई पुटपुटली.

"मलाही तसंच," आप्पा म्हणाले. मग आईकडे बघून, "तूसुद्धा?"

"मीसुद्धा काय! तुम्ही आधी!"

"मी सोमवारी सकाळी!"

"मी रविवारी रात्री!"

"पुरे," ऑन्नी म्हणाली. "हे दोन्ही तुम्ही मला बाराव्या वर्षी करून दिले होते, ज्यानं त्यानं आपल्या आडनावाचा. आता नकोत. युरी, तुझा दगड दे."

मी पिशवी पालथी केली. तिनं माझा कोपरा उडालेला शिक्का घेतला, शाईत दाबला, देशाच्या जागी 'कोरिया' लिहिलं आणि खाली मारला. उडालेल्या कोपऱ्यासकट, लालभडक ब्यॉन.

आप्पांनी एप्रन तोंडाला लावला. आई अर्ज स्वतःकडे ओढून म्हणाली, "शाई वाळू दे. लगेच घडी घातलीस तर म्हातारा परत पाठवेल." ती कागदावर फुंकर घालत राहिली.

"तुला यायचंच आहे," ऑन्नी तिला म्हणाली. "सामन्याला तुला पहिल्या रांगेत बसवणार आहे."

"घोषणा मी जपानीतच देणार," आई म्हणाली.

ऑन्नी पावणेतीनच्या गाडीनं गेली. मी शिक्का पुसायला घेतला आणि थबकले. कोरलेल्या रेघांच्या आत, तळाशी, जुनी शाई होती, वाळून काळपट झालेली. वर्गात मी तो ब्रशनं लख्ख धुतला होता, आणि त्यानंतर वापरलाच नव्हता.

धावत तिच्या खोलीत गेले. केराच्या टोपलीत आमच्याच दुकानाचं बिल, मागच्या बाजूला सात वेळा ब्यॉन, उडालेल्या कोपऱ्यासकट. पहिले दोन वाकडे, शेवटचा सरळ. बिलावर तारीख सोमवारची.

म्हणजे तिचं सोमवारीच ठरलं होतं! मग स्टँडपाशी ते तासभर उभं राहणं कुणासाठी होतं?

मी फोन लावला. "ऑन्नी, तू डावीकडे बघत होतीस."

गाडीच्या आवाजात तिचं हसू ऐकू आलं. "आणि तू झेपावलीस."