फिटरच्या हातातला स्ट्रेटनर

मी केस सरळ करणारा स्ट्रेटनर बोलतोय. दिसायला चिमट्यासारखा. आत दोन गुळगुळीत पट्ट्या, मागे लांब वायर आणि मुठीजवळ उष्णता कमी-जास्त करायचं बटण. माझ्याबरोबरचे बहुतेक जण कॉलेजातल्या मुलींच्या नाहीतर पार्लरवाल्यांच्या हाती गेले असतील. मी गेलो माजरीच्या कोळसा खाणीत पंप दुरुस्त करणाऱ्या एका फिटरच्या हाती. त्याचं नाव खुशाल.

चंद्रपूरच्या एका दुकानात काचेच्या कपाटात मी पडून होतो. एका दुपारी पहिली पाळी संपवून तो तसाच आला. पन्नाशीचा माणूस, नखांत काळं वंगण. दुकान चालवणाऱ्या स्वातीताईंनी विचारलं, "काय पाहिजे, भाऊ?"

"केस सरळ करायची मशीन. बायकोसाठी."

"मंग त्याहिलेच घेऊन या ना. केस पाहून सांगता येते."

"ती घराबाहेर निघत नाई," तो म्हणाला. मग त्याने खिशातून कागदाची पुडी काढून काउंटरवर उघडली. आत कंगव्यातून काढलेले चार-पाच केस होते. "हे सँपल आणलं."

स्वातीताई हसणार होत्या, पण त्याचं तोंड पाहून त्यांनी हसू आवरलं. त्यांनी एक केस उजेडात धरला. "नागमोडी हायेत. लांबी किती?"

"खांद्याच्या खाली, इथवर. जुन्या मशीनला फक्त चालू-बंद होतं. सारखी आग ओके. टोकं जळून गेले."

"नागमोडी केसाले एवढी आग लागत नाई, भाऊ. एकशे साठ डिग्रीवर ठेवा, लई झालं तर एकशे सत्तर. बारीक बारीक बट घ्या आन् एकदाच फिरवा. एका जागी थांबवू नका. केस पूर्ण वाळलेले पाहिजेत, ओल्याले लावला का चर्र करून जळते. आधी हा स्प्रे मारा."

त्यांनी तीन स्ट्रेटनर पुढे ठेवले. एक फार रुंद होता, कंबरेपर्यंतच्या केसांसाठी. दुसऱ्याला बटण नव्हतं. तिसरा मी. खुशालने माझ्या पट्ट्या मिटून उजेडासमोर धरल्या आणि एक डोळा बारीक केला. मग खिशातला रुमाल पट्ट्यांमधून ओढून पाहिला. कुठेच अडकला नाही.

"फट नाई. हाच द्या," तो म्हणाला. माझी इतकी कसून तपासणी कारखान्यातही झाली नव्हती.

घरी आल्यावर मला सगळं कळलं. त्याची बायको नंदिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चार महिन्यांपूर्वी तिची स्कूटी घसरली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर उठेना. वीस वर्षं ती रोज सकाळी केस सरळ करून, पदर नीट पिन करून शाळेत जायची. आता केसांत गाठी झाल्या होत्या आणि सुट्टी संपायला पंधरा दिवस उरले होते. तिने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, राजीनामा लिहून ठेवला होता.

"फळ्यावर लिहिता येत नाई, केस विंचरता येत नाई," ती म्हणायची. "अशी जाऊ का पोराहिच्या समोर? बायका बिचारी म्हणतात. मले नाई ऐकवत."

खुशालने वाद घातला नाही. मला कपाटात लपवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या खोलीत नेलं. त्याची आई रुखमाबाई. तिच्या पेटीत वेणीत गुंफायचं जुनं गंगावन होतं, खऱ्या केसांचं.

"याच्यावर हात बसवतो, माय."

"हे तर सरळच हाये. शिकशील काय याच्यावर?" म्हणत म्हातारीने गंगावन ओलं करून घट्ट वेणी घातली आणि उन्हात वाळत टाकलं. संध्याकाळी वेणी सोडली तेव्हा त्याला हुबेहूब नंदिनीच्या केसांसारख्या लाटा पडल्या होत्या.

पहिल्या दिवशी त्याने मला एका जागी जास्त वेळ दाबून धरलं. जळका वास घरभर पसरला. "काय जाळून राह्यला रे?" म्हातारी ओरडली. दुसऱ्या दिवशी त्याने मला फार आवळलं आणि केसांना मधेच घडी पडली. तिसऱ्या दिवशी त्याला समजलं की जोर लावायचा नसतो, फक्त धरायचं आणि एकाच चालीने खाली न्यायचं. ज्या हातांनी तो जाड बोल्ट सोडवायचा, ते हात सहा दिवसांत इतके हलके झाले की मलाच नवल वाटलं.

सातव्या दिवशी त्याने नंदिनीला मी दाखवला.

"तुम्ही करणार?" ती कितीतरी दिवसांनी हसली. मग हसू पुसून म्हणाली, "राहू द्या. मी कापूनच टाकीन म्हणते."

"एक डाव बसून तर पाह्य."

त्याने केस खालून वर सोडवले. गाठ आली की वरून धरून ठेवायचा, म्हणजे मुळाला ओढ बसू नये. स्प्रे मारला, वाळू दिला. वरचे केस कपडे वाळवायच्या चिमट्यांनी बांधून ठेवले आणि मानेजवळून सुरुवात केली. तीन बटा सुरेख उतरल्या. चौथ्या वेळी माझी कड तिच्या कानाला लागली.

"आई गं! बंद करा!" ती उठून उभी राहिली. "पाहलं? मले आता आपल्या हातानं एक कामही होत नाई. तुमच्यासमोर लहान पोरीसारखी बसून राह्यली मी!"

तो मला हातात धरून तसाच उभा. माझ्या पट्ट्यांपेक्षा त्याचा चेहरा जास्त तापला होता. शेवटी म्हणाला, "खाणीत एकटा मानूस पंप उचलत नाई, नंदिनी. दोघं लागतात. त्यात लाज कोनाले वाटते?"

तिने डाव्या हाताने कान चोळला. मग पुन्हा खुर्चीवर बसली.

या वेळी त्याने डाव्या हाताचं बोट तिच्या कानावर आडवं ठेवलं आणि मला फिरवलं. दोनदा माझी धग त्या बोटाला लागली. त्याने बोट हलवलं नाही. अर्ध्या-पाऊण तासाने तिने आरसा घेतला. उजवी बाजू सरळ, डावी अजून थोडी नागमोडी. ती पाहत राहिली, मग म्हणाली, "डावीकडं अजून एक डाव फिरवा."

"स्वातीताई म्हणे एकदाच."

"बरं, मंग असू द्या."

सुट्टी संपल्यावर ती शाळेत गेली, डाव्या हाताने फळ्यावर लिहायला शिकली. राजीनामा रुखमाबाईंनी चुलीत घातला, असं मी ऐकलं. एका शिक्षिकेने विचारलं होतं, "मॅडम, कोन्या पार्लरमधी करता?" नंदिनीने उत्तर दिलं, "घरीच फिटर हाये माहा."

याला आता दीड वर्ष झालं. माझा रंग मुठीजवळ उडालाय, वायरला टेप लागलाय. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर एवढंच सांगतो: केस वाळू द्या, धग कमी ठेवा, आणि घाईत असाल त्या दिवशी आम्हाला हात लावू नका.

व्यायामाने नंदिनीचा हात हळूहळू वर चढतोय. गेल्या आठवड्यात ती समोरच्या बटा स्वतःच सरळ करू लागली. खुशाल चिमटे हातात धरून बाजूला उभा राहिला. आता आपलं काय काम, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तिने मला त्याच्याकडे दिलं. "मागचे तुम्हीच करा. मागचं मले दिसत नाई."

तो लगेच मागे जाऊन उभा राहिला. आदल्या दिवशी तो पाळीवर असताना तिने मागचे केसही स्वतःच केले होते, आणि चांगले केले होते. पण तिने ते सांगितलं नाही. मीही सांगणार नाही.