भिंतीकडे तोंड केलेली पाटी

मित्रांनो, पाचोऱ्याच्या बाजारपेठेत एका साडीच्या दुकानापुढे मी बरीच वर्षं उभी होते. मी पत्र्याची पाटी. माझी लाल अक्षरं आता फिकट झाली आहेत, पण वाचता येतात: 'आखाजीनिमित्त सर्व साड्यांवर सूट'.

सत्त्याऐंशी साली रमजान पेंटरने मला रंगवलं. 'सूट' हा शब्द त्याने सगळ्यांत मोठा काढला आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'फक्त आखाजीपर्यंत'. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि लेकीला साडी घेतल्याशिवाय आईबापांना चैन पडत नाही. दुकानाचे मालक रुपचंदभाऊ यांनी त्या वर्षी खरोखरच सगळ्या साड्यांवर सूट दिली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. "या पाटीनं दुकान उभं केलं," असं म्हणत भाऊ स्वतःच्या रुमालाने मला पुसायचे. मी अगदी फुलून जायचे.

तिसऱ्या वर्षी आखाजी झाली तरी मला कोणी आत नेलं नाही. भाऊंच्या एक गोष्ट लक्षात आली होती. गिऱ्हाईक मला बघून पायरी चढतं, आणि एकदा साड्यांचा ढीग समोर पडला की सूट मिळावी म्हणून फारसं कोणी ताणून धरत नाही. मग त्यांनी माझी खालची ओळ रंगाने झाकायला सांगितली.

रमजान म्हणाला, "शेठ, मग सूट कधी संपली, ते लोकांना कळणार कसं?"

"ते मी आत सांगीन ना!"

रमजानने ब्रश बुडवला आणि ओळ झाकून टाकली. तेव्हापासून मी बारा महिने बाहेर उभी राहू लागले. कोणी कुरकुरत परत जायचं, तर मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग लग्नसराईत मंजुळाबाई आल्या. आखाजी केव्हाच होऊन गेली होती. मंजुळाबाई गिरणेकाठच्या एका खेड्यातल्या. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने लेक वाढवली होती. आदल्या बाजाराच्या दिवशी त्या माझ्यापुढे उभ्या राहून एकेक अक्षर लावत मला वाचून गेल्या होत्या. आता त्या लग्नाचा बस्ता बांधायला आल्या. बरोबर लेक होती आणि धुळ्याच्या होणाऱ्या विहीणबाई, प्रमिलाबाई. त्या दोघी बोलत बोलत माझ्याकडे न बघताच पायरी चढल्या.

प्रमिलाबाईंनी मनासारखी खरेदी केली. लेकीचा जीव एका हिरव्या शालूवर जडला. शेवटी बेरीज झाली, तेव्हा मंजुळाबाईंनी सूट मागितली.

"ती आखाजीपुरती होती, अक्का. संपली," भाऊ म्हणाले.

"पन बाहेर पाटीवर तं लिखेल शे ना! ती वाचीसनच उनूत आमी." मला वाचूनच आलो, असं मंजुळाबाई सांगत होत्या.

दुकान बस्त्यांच्या गिऱ्हाइकांनी भरलं होतं. एकीला सूट दिली, तर सगळेच मागणार. भाऊंनी लोटनकडे नुसतं पाहिलं. लोटन दुकानातला जुना गडी. त्याला डोळ्याची खूण पुरली. त्याने बाहेर येऊन मला उचललं, बाजूच्या दाराने गोदामात नेलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

"कुठे आहे पाटी? बघून या की," भाऊ म्हणाले.

मंजुळाबाई प्रमिलाबाईंचा हात धरून बाहेर गेल्या. बाहेर काहीच नव्हतं.

"सूट नसती तरी चाललं असतं, विहीणबाई," प्रमिलाबाईंचा आवाज गोदामापर्यंत आला. "पण खोटं कशाला बोलायचं?"

सुटीशिवाय पैसे पुरत नव्हते, म्हणून मंजुळाबाईंनी हिरवा शालू परत केला आणि लेकीसाठी साधी साडी घेतली. लेक म्हणाली, "माले हाईच आवडस, माय."

मित्रांनो, मला तोंड नाही. माझ्याजवळ फक्त अक्षरं आहेत, आणि त्या वेळी ती भिंतीला टेकलेली होती. मी त्या बाईची एकटीच साक्षीदार होते आणि मीच लपले होते.

संध्याकाळी लोटनने मला पुन्हा बाहेर ठेवलं. भाऊ माझ्याकडे बघेनात. कोणी हिरव्या शालूला हात लावला, की "तो विकायचा नाही," असं म्हणून ते बाजूला सरकवायचे. लग्नाच्या दिवशी त्यांनी भर सीझनमध्ये दुकान बंद केलं, मला लुनाच्या मागे बांधलं, शालू पिशवीत घातला आणि मंजुळाबाईंचं गाव गाठलं.

मांडवात शिरताच त्यांनी मंजुळाबाईंपुढे शालू धरला. मंजुळाबाईंनी तो मागे सारला.

"नको, भाऊ. साडीनं दुख नही माले. मी खोटी ठरनू, त्यानं दुख शे."

भाऊंनी बाहेर येऊन मला लुनावरून सोडलं, मांडवात आणलं आणि सगळ्या बायकांच्या देखत प्रमिलाबाईंपुढे उभं केलं.

"बाई, ही पाटी त्या दिवशी बाहेरच होती. तुम्ही बघायला येण्याआधी मीच ती आत लपवली. अक्का खरं बोलत होत्या. खोटा मी."

प्रमिलाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. अशी लाज मला कधी वाटली नव्हती. मग त्या मंजुळाबाईंकडे वळल्या आणि त्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"मी तुम्हाला चारचौघांत बोलले. आता चारचौघांतच माफी मागते."

लेक साध्या साडीतच बोहल्यावर उभी राहिली. "जेवीसन जा," मंजुळाबाई भाऊंना म्हणाल्या. भाऊ पंगतीत बसले खरे, पण दोनच घास खाल्ले. शालू आणि मी, दोघंही परत आलो.

रमजानने माझी खालची ओळ पुन्हा लिहिली. त्यानंतर दर आखाजीच्या संध्याकाळी भाऊ मला स्वतःच्या हाताने आत नेऊ लागले. पण मंजुळाबाईंनी आमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढली नाही. बाजाराच्या दिवशी त्या समोरून जायच्या. भाऊ गादीवरून उठून उभे राहायचे. त्या मान हलवून पुढे जायच्या, आणि भाऊ परत खाली बसायचे.

मित्रांनो, लोकांनी वाचावं म्हणून तुम्ही कधी काही लिहिलंत, तर ते सांभाळा. त्याची मुदत संपली, की स्वतः जाऊन उतरवा. आणि कोणी म्हणालं, 'मी तर वाचलं होतं', तर पाटी लपवू नका. तिला सगळ्यांसमोर बाहेर आणा.