मधला तुकडा

तुम्ही त्या माणसाला बहिरा ठरवलंत. नुसता बहिरा असता तर चाललं असतं, तुम्ही त्याला भ्रमिष्ट ठरवलंत. आणि तेही त्यानंच प्रामाणिकपणे तुमच्या हातात ठेवलेल्या कागदाच्या जोरावर. गळ्यात ओळखपत्र अडकवून काचेच्या दारामागे बसता, गावोगावचे जुने आवाज आम्ही जपतो म्हणून मिरवता. जपता ना? मग आता ऐका. ऐकण्याचाच पगार घेता तुम्ही.

एलरॉय पेल्टोला हा अमेरिकेतल्या डुलुथचा. लेक सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा थेट अंगावर घेणाऱ्या उतारावर त्याचं घर. जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, आणि दुकानातून जे मिळालं ते तळघरात घातलं. माणसाच्या उंचीचे स्पीकर, भिंतभर तबकड्या, मोठ्या रिळांचं टेप वाजवायचं यंत्र. शनिवारी जेवणं उरकली की तिथे गाणं ऐकणाऱ्यांचा अड्डा भरायचा. एके काळी खुर्च्या पुरत नसत, माणसं पायऱ्यांवर बसत. मग कुणी फ्लोरिडाला गेलं, कुणी मातीखाली. उरली तिघं: एलरॉय, ड्युएन स्कोग्लंड आणि मेव्हिस.

ड्युएन एका मासिकात नव्या स्पीकरांची परीक्षणं लिहितो. अमुक स्पीकरात झांजेची किणकिण कशी हवेत विरते, वगैरे. लोक ते वाचून वस्तू घेतात. मेव्हिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. दोन्ही कानांत यंत्रं लावते आणि लपवत नाही.

आता व्हर्नाचं. व्हर्ना एलरॉयची बायको. आवाज जाडसर, पण सुरात पक्की. एका हिवाळ्यात एलरॉयनं रिकाम्या चर्चमध्ये तिचं एक जुनं फिनिश भजन टेपवर घेतलं. दोन कडवी झाली आणि खाली बॉयलर घुरघुरायला लागला. एलरॉयनं हातानंच तिला थांब म्हटलं, यंत्र तसंच चालू ठेवलं आणि बॉयलर बंद करायला तळघरात गेला. वर आला, तिनं तिसरं कडवं म्हटलं. काम झालं.

त्या हिवाळ्यात तिच्या पोटात दुखायचं. तो आपल्याच दुकानातल्या गोळ्या द्यायचा. घे, जळजळ आहे, थांबेल. हवा बदलून बर्फ वितळेपर्यंत ती गेली होती. त्या गोळ्यांचं नाव एलरॉय आजही तोंडातून काढत नाही.

ती टेप त्यानं कधी वाजवली नाही. तिच्या डब्यातून बाहेरच काढली नाही. ड्युएन टोचायचा, "जगातल्या समस्त बायकांचं गाणं ऐकतोस लेका, घरची सोडून." एलरॉय तबकडी बदलायचा.

तीस वर्षं गेली आणि मग तुम्ही आलात. सरोवरकाठच्या चर्चमधली गाणी गोळा करतोय म्हणालात, गोड बोललात, त्याची कॉफी प्यायलात. त्यानं टेप दिली. काही महिन्यांनी ती परत आली, सोबत एक चकचकीत सीडी. सीडीवर व्हर्नाची तिन्ही कडवी एकापाठोपाठ एक, धुऊन इस्त्री केल्यासारखी. एलरॉय रडला, आणि रडून झाल्यावर त्याला धीर आला. आता मूळ टेप ऐकतो म्हणाला.

दुसरं कडवं संपलं. मग रिकामी जागा. आणि त्या रिकाम्या जागेत, बंद दाराआडून यावं तसं, खोल आणि फिकट, कुणीतरी बोलत होतं.

काय आहे ते त्याला तत्क्षणी कळलं. टेपचं वेड असलेल्या कुठल्याही माणसाला कळेल. टेप गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्याला लागतो. नव्या लुगड्याचा रंग घडीतल्या दुसऱ्या कपड्याला लागावा तसा. ही टेपवेडी माणसं अशा लागलेल्या आवाजाला भूतच म्हणतात. पण असं भूत असलं तर त्याचा धनीही असतो. फिका आवाज इथे असेल तर खरा आवाज एका वेढ्यापलीकडे असायलाच हवा. इथे तो नव्हता. एलरॉयनं टेप बोटांतून हळूहळू सरकवली, आणि जोडाची पांढरी पट्टी हाताला लागली. कोरी, नवी.

त्यानं तुम्हाला फोन केला. तुमचे साहेब बोलले.

"टेप जुनी होती, मिस्टर पेल्टोला. तुटली. आम्ही जोडली."

"तुटली तर दोन टोकं जुळतील. मधलं बोलणं कुठे गेलं?"

"कसलं बोलणं?"

"माझी बायको बोलतेय तिथे. जोडाच्या अलीकडच्या वेढ्यावर सुरुवात उमटलीय, पलीकडच्यावर शेवट. मधलं नाही."

"आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही." मग मऊ आवाजात, "वय काय म्हणालात आपलं? कान तपासलेत कधी?"

नव्हते तपासले. त्यानं तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसला, आवाज आला की बटण दाबलं, नाही आला तेव्हा नाही दाबलं. लबाडी करायची तर तिथेही करता येते, त्यानं केली नाही. तपासणारी बाई म्हणाली, "तुमचे वरचे आवाज सगळे गेलेत. पाखरं, घड्याळाची टिकटिक, टेपची ती सळसळ, काही येत नसेल तुम्हाला. खालचे मात्र ठणठणीत आहेत." तपासणीचा आलेख त्यानं बाईच्या शेऱ्यासकट तुम्हाला पाठवून दिला. ठणठणीत हा शब्द तुम्ही गाळलात. गाळायची सवयच आहे तुम्हाला. म्हणालात, ऐकू कमी यायला लागलं की मन मधल्या जागा भरून काढतं. विधुरांच्या बाबतीत आम्ही हे फार पाहतो.

हे एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही. एलरॉयला फ्रीजच्या घुमण्यात ती बोलताना ऐकू यायला लागली. नळाच्या पाइपात, बर्फ काढायच्या गाडीच्या घरघरीत. त्यानं फ्रीज बंद केला, दूध नासलं. घर इतकं गप्प केलं की स्वतःचं रक्त वाहताना ऐकू यावं, आणि त्या रक्तातही तीच. म्हणजे व्हर्ना सगळीकडे होती, मग टेपवर नसेलच. साहेबांचं बरोबर असेल. तिनं काहीच सांगितलं नसेल, आणि गोळ्यांचा हिशेब त्याचा त्यालाच मिटवावा लागेल.

पण एक धागा उरला होता. पुढच्या शनिवारी त्यानं दोघांना खाली बसवलं. काय ऐकू येतं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "दुसऱ्या कडव्यानंतर कान द्या."

वाजवलं. ड्युएननं तोंड वाकडं केलं. "सळसळ आहे नुसती. पावसात तापला तवा ठेवलाय जणू."

"तुला येते का रे सळसळ ऐकू?" मेव्हिस म्हणाली.

"मला सगळं ऐकू येतं. मी काय तुझ्यासारखा कानात खडे घालून बसतो?"

"माझ्या खड्यांना काही बोलू नकोस. तुझ्या पेन्शनपेक्षा महाग आहेत ते." मेव्हिसनं लिंबाची वडी बशीत ठेवली आणि विचारात पडली. "थांब एलरॉय. ही यंत्रं वरचे आवाजच वाढवतात. सळसळच वाढवत असणार मेली." तिनं दोन्ही यंत्रं काढून मांडीवर ठेवली. "आता मी तुझ्याइतकी बहिरी. वाढव आवाज. आणखी. अरे घाबरतोस काय, आणखी!"

एलरॉयनं वरच्या आवाजांचं बटण शून्यावर नेलं, म्हणजे यंत्रालाही आपल्यासारखं बहिरं केलं, आणि आवाज एवढा चढवला की चांगल्या कानाचा माणूस सळसळीनं उठून पळाला असता. खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसरं कडवं गडगडत संपलं. मग रिकामी जागा.

मेव्हिसचे डोळे मिटलेले होते. तिचे ओठ हलायला लागले. जोरात बोलली ती, यंत्र काढलेली माणसं बोलतात तशी:

"'एलरॉय, तू खाली आहेस तोवर सांगून टाकते.'"

जोडाची पट्टी खट् करून गेली.

"'राग धरू नकोस,'" मेव्हिस म्हणाली. "'आलास वाटतं.'"

आणि मग टेपमध्येच, चर्चच्या जिन्यावर पावलं वाजली. ती भुताची नव्हती, खरी होती, ठणठणीत. एलरॉयचीच. त्या वेळच्या, तरण्या, काहीही माहीत नसलेल्या एलरॉयची. तो एकेक पायरी चढून वर येत होता, आणि तिनं तिसरं कडवं सुरू केलं.

एलरॉयनं यंत्र बंद केलं. मेव्हिसनं डोळे उघडले. "तिच्या नाकातून यायचा तो 'ए'," ती म्हणाली, "माझ्या शेजारी उभी राहून गायची रे ती. मी ओळखणार नाही?"

ड्युएन उभा होता. केव्हा उठला ते त्यालाही कळलं नसावं. हातातली कॉफी पँटवर सांडली होती.

"तू साक्ष देशील ना?" एलरॉयनं विचारलं. "मेव्हिस देईल. तू दिलीस तर ऐकतील. तुझं नाव छापून येतं."

ड्युएननं पँट पुसली. "मला काही ऐकू आलं नाही."

"ड्युएन."

"नाही आलं म्हणतो ना. आणि आलं म्हणालो तर पहिलं काय विचारतील? कान तपासलेत का. मग? दहा वर्षं झाली मला झांज ऐकू येऊन. जुन्या आठवणीवर लिहितोय मी. ते बाहेर पडलं की संपलो." त्यानं कोट चढवला, टोपी शोधली, ती त्याच्या हातातच होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो थांबला. पाठ फिरवलेलीच होती. "व्हर्ना राग धरू नकोस म्हणाली," तो म्हणाला. "तर नको धरू लेका." आणि वर गेला.

एलरॉयनं त्याच्यावर राग धरला नाही. मीही धरत नाही. म्हाताऱ्यांच्या मनात कानाची ही भीती तुम्हीच घातलीत. झांज ऐकू येत नाही म्हणजे माणूसच खोटा, हा हिशेब तुमचा.

मेव्हिसनं तुम्हाला फोन केला. तिला तुम्ही तेच विचारलंत. वय, कान. ती म्हणाली, दोन यंत्रं लावते, आणि ती काढूनच ऐकलं. तुम्ही हसलात. तिनं ते हसणं ऐकलं बरं का, फोनवरूनसुद्धा.

आता एलरॉय फ्रीज चालू ठेवतो. तिथे ती नाही हे त्याला कळलंय. ती कुठे आहे तेही कळलंय: एका बोलण्याच्या सुरुवातीला आणि त्याच बोलण्याच्या शेवटाला. मधे तुम्ही कात्री घातलीत. रोज दुपारी तो ते दोन फिके तुकडे ऐकतो आणि मधे गोळ्यांचं नाव घालून बघतो, दुखण्याचं घालून बघतो, कुण्या परक्या माणसाचंही घालून बघितलंय त्यानं. सगळं बसतं. तेच तर भयंकर आहे, सगळं बसतं.

तुम्हाला भूत ऐकायची गरज काय होती? तुम्ही तर धनी ऐकलात. तुमच्यातल्या कुणीतरी, तरुण, धडधाकट कानाच्या, चांगल्या हेडफोनमधून त्या बाईचं बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ ऐकलं, हे गाणं नव्हे म्हणाला, आणि कापलं. तो माणूस तुमच्याच इमारतीत बसतो. त्याचे कान शाबूत आहेत. त्याच्यावर तुमचा विश्वास आहे.

त्याला बोलवा. आणि एलरॉय पेल्टोलाला सांगा: मधे ती काय म्हणाली?