बोर्डावरची सातवी ओळ

कर्नाटकातल्या निपाणी-सदलगा रस्त्यावरच्या एका गावातल्या सरकारी मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका माधवी घाटगे तीस नोव्हेंबरला, शनिवारी, निवृत्त होणार होत्या. त्या मुख्याध्यापिका होत्या की नव्हत्या, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

२०१० च्या जूनमध्ये आलेल्या पहिल्या ऑर्डरीत 'टेंपररी अरेंजमेंट' असं लिहिलं होतं. पुढच्या वर्षी 'इनचार्ज' झालं, मग 'ॲडिशनल चार्ज', मध्ये एकदा 'स्टॉपगॅप'. शेवटच्या ऑर्डरीत 'अंटिल फर्दर ऑर्डर्स', म्हणजे पुढचा हुकूम येईपर्यंत, असं आलं आणि त्यानंतर नऊ वर्षं काहीच आलं नाही. बाकी ऑर्डर कन्नडमध्ये असायची. हे शब्द तेवढे इंग्रजीत. शाळेत दुपारचं जेवण रांधणाऱ्या धोंडूबाई स्वतः सतरा वर्षं टेंपररी होत्या. त्या म्हणायच्या, "इंग्रजांच्यात न टिकणाऱ्या गोष्टी लई असणार बगा. न्हायतर एवढे शब्द लागत्यात कशाला?"

बाईंच्या खुर्चीसमोर भिंतीवर काळा लाकडी बोर्ड होता. 'मुख्याध्यापकांची नामावली'. खाली पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेली सहा नावं, प्रत्येकापुढं 'पासून' आणि 'पर्यंत'. तिसरे सर आठ महिने होते, पाचवे एकोणीस दिवस. सहाव्यांची ओळ २०१० मध्ये संपली. पुढं लाकूड कोरं. बाईंनी ते कोरं लाकूड चौदा वर्षं रोज पाहिलं होतं.

बोर्ड दिला होता गावातले तंबाखूचे व्यापारी नेमिनाथअण्णा यांच्या वडिलांनी, आप्पांनी. कायम नेमणूक झालेल्याचंच नाव त्यावर यावं, ही अटही त्यांचीच. वडील गेले, अट अण्णांनी सांभाळली.

शुक्रवारी बाईंनी पहिल्यांदा विचारलं.

"अण्णा, उद्या माझा शेवटचा दिवस. बोर्डावर नाव घालाल माझं?"

"बाई, आदर हाय तुमच्याबद्दल. निरोपाला शाल आनलीया. पर आप्पांचा नियम हाय. तुम्ही परमनंट न्हाय."

"शाल नको. नाव हवं."

"शाल चांगली हाय, बाई. धुतली तरी टिकंल."

त्याच संध्याकाळी तालुक्याच्या ऑफिसातून फोन आला. शाळेला परमनंट हेडमास्तर मिळाला होता. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच रवळू पेंटरला निरोप धाडला.

शनिवारी सकाळची शाळा. आठ वाजता नवे हेडमास्तर जिनेंद्र उपाध्ये मोटरसायकलवरून आले. सव्वाआठला बाईंनी चार्ज दिला, किल्ल्यांचा जुडगा दिला, आणि कोणतं कपाट लाथ मारल्याशिवाय उघडत नाही तेही सांगितलं. साडेआठला रवळू स्टुलावर चढला. नऊ वाजेपर्यंत सातवी ओळ तयार झाली. 'पासून'च्या रकान्यात आजची तारीख. बाई कोपऱ्यातल्या बाकावर बसून बघत होत्या. त्यांची खुर्ची गेली होती.

साडेदहाला जिनेंद्र सरांचा फोन वाजला. ते दोनदा कन्नडमध्ये "हौदु सर", होय सर, म्हणाले आणि उभे राहिले.

"डेप्युटेशन," ते म्हणाले. "तालुक्याला. आत्ताच रिपोर्ट करायचंय."

अण्णांच्या हातात अजून शाल होती. "म्हंजे परमनंट न्हाय तुम्ही?"

"मी इथंच परमनंट आहे. काम तिकडं करणार. टेंपररी."

"परत कवा येनार?"

जिनेंद्र सरांनी हेल्मेट घातलं. "अंटिल फर्दर ऑर्डर्स."

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण या शाळेत वावरून हे तीन शब्द त्यांना चांगले कळत होते. ते स्टुलावर बसले. चार्ज शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाकडं, अतुल मास्तरांकडं आला. अतुल मास्तरांनी किल्ल्या घेतल्या आणि पहिल्यांदाच बोर्ड नीट वाचला. एकोणतीस वर्षं नोकरी शिल्लक होती त्यांची.

"अडीच तास," धोंडूबाई म्हणाल्या. "माझा भात अजून शिजायचा हाय."

"रंग वला हाय, अण्णा," रवळू म्हणाला. "पुसू?"

"न्हाय. परमनंट हाईत ते. नियम हाय."

तेव्हा बाई बाकावरून उठल्या. बोर्डाजवळ जाऊन त्यांनी सहाव्या ओळीच्या 'पर्यंत'वर बोट ठेवलं, मग सातव्या ओळीच्या 'पासून'वर.

"अण्णा, हा बोर्ड बघून परका माणूस काय म्हणेल? ही शाळा चौदा वर्षं बंद होती."

"बंद कशी? आमची प्रिया हितंच शिकली की."

"तिच्या दाखल्यावर सही कुणाची?"

सही अण्णांना पाठ होती. त्या दाखल्याच्या झेरॉक्स काढून त्यांनी तीन कॉलेजांत दिल्या होत्या, आणि त्यांची लेक प्रिया आता बेळगावात डॉक्टर होती. त्यांनी शाल घडी घालून टेबलावर ठेवली.

"रवळू, पूस. सातवी वळ बाईंची. जिनेंद्र सरांना आठवीत घाल." मग एक बोट वर करून, "पर बाईंच्या नावाम्होरं कंसात 'इनचार्ज' लिहायचं. आप्पांना काय तोंड दावू?"

रवळूनं रॉकेलचा बोळा फिरवला. 'सौ. माधवी मारुतीराव घाटगे' त्यानं सावकाश, ठळक लिहिलं. दोन्ही तारखा घातल्या, खाली आठव्या ओळीत जिनेंद्र सरांना उतरवलं. मग डबा बंद करून पिशवीतून खडूचा तुकडा काढला.

"ह्यो खडू रं?" अण्णा म्हणाले.

"पेंट संपला, अण्णा. इनचार्जपुरतं खडूनं लिहितो. टेंपररी."

अण्णांनी डब्याकडं पाहिलं. तो अर्धा भरलेला होता, हे नीट न बसलेल्या झाकणाच्या फटीतून दिसत होतं. बाईंच्या खांद्यावर शाल घालताना त्यांनी बोर्डाकडं पाठ केली.

सोमवारी धोंडूबाईंनी ऑफिस झाडलं आणि ओल्या फडक्यानं बोर्ड पुसला. पुसून झाल्यावर त्यांनी दारातून हाक मारली, "मास्तर, सगळं ऱ्हायलंय बगा. एक शब्द तेवढा गेला."

अतुल मास्तर तेव्हा रवळूला फोन लावत होते. नववी ओळ आखून ठेवायला किती वेळ लागेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं.