हलीमाचा हंडा

"वयनी, माझ्या हंड्याला पाय फुटलेत गो," हलीमा प्रेमाच्या कानाशी पुटपुटली. "ठेवते पुढे नि सकाळी बघते तर शेवटी."

"उतार आहे ना, घरंगळला असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"नायतर मांजर," शकु म्हणाली.

"मांजर की म्हैस?" प्रेमा म्हणाली. कुणी हसलं नाही.

घाटकोपरच्या त्या चाळीत सगळ्यांना मिळून नळ एकच. संध्याकाळी रांगेत ठेवलेला हंडा म्हणजे जातीनं उभं असलेलं माणूस. बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतील, पण दुसरीच्या हंड्याला हात लावणार नाहीत. भिवंडीची दंगल झाली आणि हलीमाचा हंडा तेवढा मागे जाऊ लागला. तिची पाळी येईतो नळ नुसता फुसफुसायचा. ऐन मे महिन्यात, पदरात दोन पोरं, बिनपाण्याची ती किती टिकणार? खोली सोडूनच जाणार. कमिटीच्या शरच्चंद्रांना तेच हवं होतं, त्यांच्या मेव्हण्याला खोली पाहिजे होती. त्यांच्या घरात टाकी. नळावर ते फक्त शिस्त बघायला यायचे.

आज प्रेमाचा पहिला नंबर होता. पाणी आलं तसा तिनं आपला हंडा बाजूला घेतला आणि शेवटून हलीमाचा आणून नळाखाली लावला.

"प्रेमावहिनी, नंबर तुमचा आहे," शरच्चंद्र म्हणाले.

"माझाच. तिला दिला."

"मग तुम्ही शेवटी जा. नियम म्हणजे नियम."

"जाते की. गिरणीचा संप झाल्यापासून शेवटीच उभी आहे मी." प्रेमा हंडा घेऊन रांगेच्या टोकाला जाऊन बसली.

आता शकुची पाळी. तिनं नळाकडे पाहिलं, प्रेमाकडे पाहिलं, आपला हंडा उचलला आणि प्रेमाच्या मागे नेऊन आदळला. मग तिसरी उठली. मग चौथी. खणखणाट करत सगळी रांगच शेवटी गेली, आणि सगळ्याच शेवटी गेल्यावर प्रेमा आपोआप पुन्हा पहिली झाली. तोवर हलीमाचा हंडा, कळशी, बादली सगळं काठोकाठ भरलं. हलीमा पदरात तोंड लपवून हसत होती की रडत होती, कुणाला कळेना.

"अहो, पाणी जाईल!" शरच्चंद्र ओरडले. "उताराचा प्रश्न आहे, उद्या विटा लावून घेऊ..."

"कसला उतार?" शकु उभी राहिली. "तिचा हंडा मी मागे सारायची. तुम्ही सांगितलंत म्हणून. ती मुसलमान आहे म्हणून."